मृग लागायच्या आत भरती-ओहोटीचा धडा

आंबे, फणस आणि मुंबईचे पाहुणे यांतून मे महिन्यात जी काही उसंत मिळेल, तिच्यात सातवीच्या भूगोलातला भरती-ओहोटीचा धडा मोबाईलवर चालेल असा करायचा, असं आम्ही तिघा शिक्षकांनी ठरवलंय. गेल्या वर्षीही ठरवलं होतं. तेव्हा सुरुवात सॉफ्टवेअर उतरवून घेण्यापासून केली आणि होडी तिथेच रुतली. एका महागड्या टूलची फुकटची मुदत संपली तेव्हा धड्याची दुसरी स्लाईडही झाली नव्हती, आणि केलेलं काम बाहेर काढता येईना. म्हणून यंदाची यादी उलट्या टोकापासून.

आधी धडा उघडणार कुठे ते बघायचं. आमच्या वाडीत रेंज मिळते ती सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर. घरात फोन एकच, तो दिवसभर बापाबरोबर बंदरावर. म्हणजे धडा रात्री, घरात, नेटशिवाय चालला पाहिजे आणि त्याचं वजन हलकं हवं. ७२० पिक्सेलचा व्हिडिओ एक एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिटवर ठेवला तर मिनिटाला सुमारे साडेसात एमबी होतात, चार मिनिटांचे तीस. फोनवरचं कच्चं शूटिंग याच्या कितीतरी पट जड असतं, ते हँडब्रेक या व्हिडिओ आटवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढून बारीक करायचं. चार मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ नाहीच.

मग कागद. वहीच्या पानावर उभी रेघ मारून डावीकडे पडद्यावर काय दिसेल ते आणि उजवीकडे काय बोलायचं ते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलच्या, म्हणजे सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या व्हिडिओंच्या पटकथा अशाच दोन रकान्यांत असतात. आम्ही आळस केला, तोंडाला येईल ते बोललो, आणि एकेक वाक्य सात वेळा रेकॉर्ड केलं.

शूटिंगला तारीख नव्हे, तिथी बघायची. पूर्ण भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात हे इथल्या कुठल्याही आजोबांना ठाऊक आहे. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पाणी चढलेलं भर दुपारी आणि उतरलेलं पहाटे आणि संध्याकाळी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, तेव्हा नेमकं उलट. दोन्ही दिवस जेटीवर त्याच जागी, त्याच खांबाकडे तोंड करून फोन लावायचा आणि तासाला एक फोटो काढायचा. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे तेरा फोटोंत चक्र जवळजवळ पुरं होतं, आणि मे महिन्यात तेवढा उजेड असतो. पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीची भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती शेजारी-शेजारी ठेवली की खांबावरच्या कालवांच्या रेषेवरूनच फरक कळतो, निम्मं बोलायचंही वाचतं. हिशेब ठोकळ आहे, शिवाय खाडीत आत भरती जरा उशिरा पोचते, म्हणून आदल्या दिवशी जाऊन एकदा बघून यायचं.

प्रश्न काय विचारायचे यावर आम्ही सगळ्यात जास्त भांडलो. ‘चतुर्थीला पूर्ण भरती किती वाजता?’ हा प्रश्न पाग (मासे धरायचं जाळं) टाकणाऱ्या घरातल्या पोराला विचारणं म्हणजे वेळ घालवणं. ‘तीन’ म्हणून मोकळा होईल. त्यापेक्षा पाऊणपटीने भरती रोज ४५ मिनिटांनी पुढे जाते, पण घड्याळ लावून पाहिलं तर सरासरी ५० मिनिटांच्या आसपास, मग हा रोजचा उशीर होतो कशामुळे, हे विचारावं. पृथ्वीची एक फेरी होईस्तोवर चंद्रही पुढे सरकलेला असतो, इथपर्यंत पोरं त्यातून आपसूक येतात.

आवाज रेकॉर्ड करायला माजघर. चिऱ्याच्या भिंतींवर दोन गोधड्या टांगायच्या, पंखा बंद, मिक्सर बंद, आणि हे सगळं पाऊस सुरू व्हायच्या आत, कारण पत्र्यावर सर आली की कुठलंही सॉफ्टवेअर कामाचं नाही. बोलण्याआधी पाच सेकंद गप्प बसायचं. ऑडॅसिटी या आवाज साफ करायच्या सॉफ्टवेअरला ती शांतता दाखवली की तसली एकसुरी घरघर ती बाकीच्या आवाजातूनही काढते. समुद्राची गाज मात्र चढउतार करते, ती नीट निघत नाही. कावळा तर नाहीच.

चंद्र-सूर्याच्या स्लाईड दाखवत बोलायचं असेल तर ओबीएस, म्हणजे पडदा आणि आवाज एकत्र रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर. त्यात व्हिडिओची फाईल एमकेव्ही प्रकारात ठेवायची, थेट एमपीफोर नको. मध्येच लाईट गेली तर साधी एमपीफोर उघडतच नाही, एमकेव्हीत तोवरचं राहतं. नंतर ओबीएसमध्येच रीमक्स करून, म्हणजे फाईलचा नुसता प्रकार बदलून, एमपीफोर मिळते. माझी पाऊण तासाची मेहनत अशीच गेली होती.

व्हिडिओ आणि प्रश्नांची जोडणी ल्युमी या सॉफ्टवेअरमध्ये. त्यात एचफाईव्हपीचे, म्हणजे पोरांनी उत्तरं देत पुढे जायच्या धड्यांचे प्रकार संगणकावर नेटशिवाय बनवता येतात आणि एचटीएमएल म्हणून बाहेर काढले की ब्राउझरमध्ये उघडतात. आम्ही इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ घेणार, तीन जागी थांबून प्रश्न. त्यात यूट्यूबची लिंक दिली तर घरी नुसता काळा चौकोन दिसेल, व्हिडिओ फाईलच आत घालायची. स्कॉर्म, मूडल वगैरे ऑनलाइन वर्गाची साधनं यंदा नको. शाळेतल्या संगणकावर कोलिब्री हे नेटशिवाय धडे वाटणारं सॉफ्टवेअर बसवून टॅब वायफायने जोडायचे, हे पुढच्या वर्षी बघू.

मजकूर युनिकोडमध्येच. जुन्या प्रश्नपत्रिका कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये असतील तर चिकटवल्यावर अगम्य खुणा उमटतात. सरळ नव्याने टाइप करणं लवकर होतं. फाँट मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी, दोन्ही फुकट. ‘किनाऱ्यावर’ आणि ‘वाऱ्याने’ लिहून बघायचं, ऱ्य बिघडला तर फाँट बदलायचा.

तयार धडा आधी पाचवीतल्या एका पोराच्या हातात, घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर. आपण मागे उभं राहायचं, बोलायचं नाही. व्हॉट्सॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर व्हिडिओचा पार चोथा होतो.

प्रती तीन: पेनड्राईव्ह, शाळेचा संगणक, आणि एक घाटावरच्या भावाकडे. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं होतं, मृगाच्याही आधी, आणि दापोली-मंडणगडकडे लाईट कितीतरी दिवस नव्हती. म्हणून यादीच्या वर तारीख लिहिलीय ती ३१ मेची.