गळ्यातलं सांभाळताना
माझ्या सासूबाईंचं मंगळसूत्र आमच्या गल्लीच्या तोंडाशीच ओढलं, सकाळी सातला. मागून मोटारसायकल आली, मागच्याने हात घातला, संपलं. मानेवरचा वळ पंधरा दिवस गेला नाही. तेव्हापासून सोसायटीतल्या प्रत्येकीला मी हे सांगते.

रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे जवळच्या गाड्या समोरून येतात. पर्स भिंतीकडच्या खांद्यावर. फिरायला जाताना सोनं घरीच ठेवा, काळे मणी पुरतात. गाडीवरून कोणी पत्ता विचारला तर दोन पावलं मागे सरून, हात पोचणार नाही इतक्या अंतरावरून बोला.

तोतया पोलिसांपासून तर फारच जपा. "आजी, पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा," म्हणतात आणि पुडी स्वतःच बांधून देतात. घरी सोडली की आत खडे! खरा पोलीस रस्त्यात दागिने उतरवून मागत नाही. "चौकीत चला, तिथे काढते," म्हणा आणि सरळ जवळच्या दुकानात शिरा.

ओढलंच तर धरून ठेवू नका. सासूबाई फरफटल्या त्या त्यामुळेच. मोठ्याने ओरडा. नंबर दिसला नाही तरी गाडीचा रंग, हेल्मेट, दिशा बघा आणि लगेच ११२ लावा. तक्रारीत "हरवलं" लिहू देऊ नका, "हिसकावलं" लिहायला लावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली तो वेगळा गुन्हा आहे. दागिन्याची पावती आणि फोटो आजच काढून ठेवा. आमच्याकडे पावती नव्हती, लग्नातला एक फोटो तेवढा दाखवता आला.