निजामकाळातली टपाल तिकिटं सापडलीत? तपासणीआधी या चुका टाळा

वसमतला चुलत्यांचं माळवदाचं घर उतरवायचं ठरलं, तेव्हा कोठीच्या खोलीतून एक लोखंडी पेटी निघाली. वर जमिनीची कागदपत्रं, उर्दूतल्या पावत्या आणि तळाशी सिगारेटच्या पत्र्याच्या डब्यात टपाल तिकिटं. काही सुटी, काही पाकिटांवर तशीच. त्या दुपारी मी जे केलं ते दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

मी कात्री घेतली. एका पाकिटावर चारमिनारचं एक आण्याचं तिकीट होतं. ते चौकोनी कापून कोमट पाण्यात टाकलं आणि पाकीट केरात गेलं. दोन महिन्यांनी संभाजीनगरच्या एका जुन्या संग्राहकांना ते दाखवलं. त्यांनी भिंग लावलं, तिकीट उलटं करून पाहिलं आणि विचारलं, "ताई, पाकीट कुठंय?" तिकिटावर शिक्क्याची जेमतेम एक कड उरली होती. गावाचं नाव, तारीख, मागच्या बाजूचा पत्र पोचल्याचा शिक्का, सगळं गेलं होतं. ते म्हणाले, "हे तिकीट पुष्कळ मिळतं हो. आपल्या भागातल्या लहान गावाचा शिक्का असलेलं अख्खं पाकीट मिळत नाही."

पाकिटापासून तिकीट सोडवू नका

तिकीट खरं की खोटं, याची निम्मी साक्ष पाकीटच देतं. हैदराबाद संस्थानची तिकिटं फक्त संस्थानच्या हद्दीत चालत. परभणीहून नांदेडला जाणारं पत्र त्यांवर जाई. पुण्याला धाडायचं तर ब्रिटिश हिंदुस्थानचं तिकीट लागे. म्हणून मराठवाड्यातून पुण्याला गेलेल्या पाकिटावर नुसतं निजामाचं तिकीट दिसलं, तर ते मागाहून चिकटवलं असण्याची शंका घ्यावी. तारखेचंही तसंच. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, तरी संस्थानची तिकिटं लगेच गेली नाहीत. १ एप्रिल १९५० पासून त्यांची जागा भारताच्या तिकिटांनी घेतली. निजामाच्या तिकिटावर १९५३ चा शिक्का असेल, तर काहीतरी बिनसलेलं आहे.

आणि डब्यातला क्रमही मोडू नका. कुठल्या पुडीत काय होतं, कोणतं तिकीट कोणत्या कागदात गुंडाळलं होतं, त्याचे मोबाइलवर फोटो काढा, मगच हात लावा. तोही चिमट्यानं. बोटांचा घाम आणि तेल कागदावर राहतं.

कोर्ट फीचं तिकीट म्हणजे टपालाचं तिकीट नव्हे

मराठवाड्यातल्या जुन्या पेट्यांत ही गफलत फार होते. दावे, खरेदीखतं, पावत्या यांवर लावलेली निजाम सरकारची महसुली तिकिटं दिसायला भारी असतात, आणि घरात सगळे हरखून जातात. त्यांचेही संग्राहक आहेत, पण ते दालन वेगळं. तिकिटावर शिक्क्याऐवजी पेनानं सही किंवा तारीख ओढलेली असेल, तर ते महसुली कामाला वापरलेलं असू शकतं. कुणी ती शाई रसायनानं धुऊन तिकीट कोरं म्हणूनही विकतं. तिरप्या उजेडात निबाचा ओरखडा बहुतेक वेळा दिसतो.

जुनं म्हणजे दुर्मिळ, हाही असाच गैरसमज. संस्थानचं पहिलं तिकीट १८६९ चं. पुढं १८७१ पासून निघालेली नक्षीदार तिकिटं, ज्यांवर किंमत उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठीतही आहे, ती कितीतरी वर्षं छापली जात राहिली.

चित्रावर भाळू नका, छपाई बघा

१९३१ च्या चित्रमालिकेत आपला मराठवाडा आहे: आठ आण्यांवर अजिंठा लेण्यांचं प्रवेशद्वार, एक रुपयावर दौलताबादचा चांद मिनार. ही तिकिटं कोरीव पत्र्यावरून छापलेली. दहा पटीच्या भिंगाखाली तिरपा उजेड टाकला की शाईच्या रेषा कागदावर किंचित उठलेल्या दिसतात. त्याऐवजी रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती आजची नक्कल.

आमच्या डब्यातल्या एका चांद मिनारावर काळ्या उर्दू अक्षरांत 'सरकारी' असं वर छापलेलं होतं. कचेरीच्या टपालासाठी अशी तिकिटं असत, आणि ही वरची छपाई बनावट करणं सोपं असतं. त्या संग्राहकांनी मला भिंगातून एकच जागा दाखवली: 'सरकारी'ची रेघ आणि टपालाच्या शिक्क्याची रेघ जिथं एकमेकींना छेदत होत्या ती. अक्षरं आधी छापली जातात, शिक्का नंतर बसतो. म्हणजे शिक्क्याची शाई वर हवी. आमच्यात अक्षरं शिक्क्याच्या वर होती. ती मागाहून छापलेली होती, एवढ्यावरच निकाल लागला.

गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटाबाबत तर फारच जपावं. १५ ऑगस्ट १९४८ ला, मराठवाडा अजून निजामाकडेच असताना, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशी भारत सरकारची चार तिकिटं निघाली. ती स्वित्झर्लंडमध्ये छापली होती, कागदात जलचिन्ह नाही, दात्यांचं, म्हणजे कडेच्या छिद्रांचं, माप साडेअकरा, म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा छिद्रं. दहा रुपयांच्या नकला भरपूर फिरतात. माप जुळलं म्हणजे खरं ठरलं असं नाही, पण जुळलं नाही तर पुढं जायचं कारणच नाही.

दाते नसलेलं सुटं तिकीट 'चुकीची छपाई' म्हणून कुणी दाखवलं, तर एकमेकांना जोडलेली दोन तिकिटं, म्हणजे जोडी, मागा. एकट्या तिकिटाच्या कडा कात्रीनं कापता येतात. रंग निराळा दिसतो म्हणून हुरळू नका. आमच्याकडच्या उन्हानं आणि पत्र्याखालच्या तापानंही रंग उडतो. अतिनील दिव्याखाली चाळीसच्या दशकाआधीचा कागद निळसर पांढरा झळकला, तर मात्र शंका घ्या, कारण कागदाला तशी झळाळी देणारी द्रव्यं साधारण १९५० नंतर सर्रास आली.

किंमत आणि प्रमाणपत्र

इंटरनेटवर कुणीतरी दहा लाख मागतो आहे, यावरून किंमत ठरवू नका. झालेल्या लिलावांचे भाव बघा, आणि तेही आपल्याच स्थितीतल्या तिकिटाचे. जो विकत घ्यायला बसला आहे, त्याच्याकडूनच खरं-खोटं ठरवून घेऊ नका.

खरोखर मोठं काही हाती आहे असं वाटलं, तर तज्ज्ञ समितीचं फोटोसह प्रमाणपत्र घ्यावं. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची अशी समिती आहे. पाठवण्याआधी तिकीट दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, मागे पेन्सिलनंही काही लिहू नका. प्रमाणपत्र आल्यावर त्यातल्या फोटोतला एकेक दाता आणि शिक्क्याची जागा आपल्या तिकिटाशी ताडून पाहा. दुसऱ्याच तिकिटाचं जुनं प्रमाणपत्र जोडून विकणारेही असतात.

आमची उरलेली पाकिटं आता आम्लरहित कागदात, कपाटाच्या मधल्या कप्प्यात आहेत. एकावर आजोबांच्या हातचा मोडीतला पत्ता आहे. मोडी वाचणारे एक मास्तर परभणीत भेटलेत. पुढच्या आठवड्यात पाकीट घेऊन त्यांच्याकडे जायचं आहे.