विहिरीतला मुटका डोहात नको : कड्यावरून उडी घेताना होणाऱ्या चुका

पुणे जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत पोहायला शिकलेल्या बहुतेकांची पहिली उडी विहिरीतली असते. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा किंवा रिकामा डबा बांधून आठ-दहा दिवस हातपाय मारायचे आणि तो सुटला की काठावरून मुटका, हा क्रम घरोघरी ठाऊक आहे. ही शाळा उत्तम आहे, पण तिने लावलेल्या सवयी घेऊनच आपण देवकुंडाच्या कुंडावर, ताम्हिणीतल्या डोहांवर किंवा इंद्रायणीकाठच्या कुंडमळ्यावर जातो आणि नेमक्या तिथेच त्या चुकतात. विहिरीचा ठाव माहीत असतो, पाणी उभे असते, बाहेर यायला पायऱ्या असतात आणि काठावर कोणीतरी मोठे माणूस बसलेले असते. डोहाजवळ यांपैकी एकाही गोष्टीची खात्री नसते.

सर्वांत मोठी चूक मुटक्याचीच आहे. गुडघे पोटाशी घेऊन बसल्या अवस्थेत पाण्यावर आदळले की पाणी उंच उडते, पण तो सगळा आघात माकडहाड आणि कमरेच्या मणक्यांवर येतो. दहा फुटांवरून पडणारे शरीर ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने पाण्याला भिडते आणि दहा मीटरवरून तोच वेग ताशी ५० किलोमीटरच्या घरात जातो. वेग दुप्पट झालेला दिसत नसला तरी आघाताची ऊर्जा उंचीच्या प्रमाणात, म्हणजे तिपटीहून अधिक वाढते. म्हणून विहिरीत शंभर वेळा निभावलेला मुटका कड्यावरून एकदाच मारला तरी मणका दबू शकतो. सूर मारणे त्याहून वाईट, कारण अनोळखी तळावर डोके आपटले तर मानेला इजा होऊन हातापायांची ताकद कायमची जाऊ शकते. उंचावरून उडी घेण्याच्या जागतिक स्पर्धांत पुरुष २७ मीटरवरून आणि महिला २० मीटरवरून उड्या घेतात, तेव्हा हवेत कितीही कोलांट्या घेतल्या तरी पाण्यात जाताना पायच आधी टेकवतात आणि खाली पाण्यात बचाव करणारे पाणबुडे थांबलेले असतात. पाय जुळवून, पावले खाली ताणून, हात अंगाशी घट्ट धरून, नजर समोर ठेवून आणि तोंड मिटून सरळ उभे जाणे, एवढाच प्रकार हौशी माणसाने करावा. हात पसरले तर खांदा निखळू शकतो. शिकायचेच असेल तर बालेवाडीच्या क्रीडानगरीसारख्या ठिकाणी प्रशिक्षकासमोर कमी उंचीपासून सुरुवात करावी; रील पाहून ही गोष्ट येत नाही.

दुसरी चूक खोलीच्या अंदाजाची. स्पर्धेतल्या उडीच्या दहा मीटरच्या फलाटाखाली तलाव साधारण पाच मीटर खोल ठेवतात, हे प्रमाण डोक्यात असलेले बरे. ‘गेल्या वर्षी इथेच उडी मारली होती’ हा दाखला सह्याद्रीतल्या ओढ्याला लागू पडत नाही, कारण प्रत्येक पावसाळ्यात वरून दगडगोटे आणि झाडांचे ओंडके वाहून येतात आणि डोहाचा तळ बदलतो. शिवाय ऑक्टोबरात दोन पुरुष खोल असणारा डोह मार्चपर्यंत कमरेइतका उरतो. शाळेत शिकल्याप्रमाणे पाणी असते त्यापेक्षा उथळ दिसते, म्हणून काही जण दिसते त्याहून खोलच असेल असा सोयीचा अर्थ काढतात. पण हा नियम तळ दिसणाऱ्या नितळ पाण्याचा आहे, आषाढातल्या गढूळ पाण्यात तळाचा पत्ताच लागत नाही. मेक्सिकोतल्या अकापुल्कोचे प्रसिद्ध सूरपटू जन्मभर एकाच कड्यावरून उड्या घेतात, तरीही लाट आत येऊन खोली वाढण्याची वाट पाहतात. आपण निदान दोरीला दगड बांधून खोली मोजावी आणि काठाकाठाने उतरून, पोहत जाऊन, उडीची जागा पायाने चाचपावी.

या चाचपणीत आपल्या खडकाचा स्वभावही कळतो. दख्खनचा बेसाल्ट थरांचा आहे, त्यामुळे कडा सरळ तुटलेला वाटला तरी पाण्याखाली त्याची पायरी पुढे आलेली असू शकते. कड्याच्या पोटाशी सरळ खाली पडणारा माणूस नेमका त्या पायरीवर आदळतो. शेवाळलेल्या कातळावरून पळत येऊन उडी घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे. पाय घसरला की अंतरही जाते आणि तोलही जातो. कोरडी, खडबडीत, पुरेशी पुढे झुकलेली जागा नसेल तर तिथून उडी नाही, इतके साधे गणित आहे.

रांजणखळग्यांच्या बाबतीत तर चर्चाही नको. कुंडमळ्याला किंवा कुकडीच्या पात्रात निघोजला प्रवाहात फिरणाऱ्या गोट्यांनी कातळात रांजण कोरले आहेत. काहींचे तोंड अरुंद, पोट रुंद आणि आत भोवरा. पट्टीचा पोहणाराही त्यातून वर येईलच असे नाही. ती ठिकाणे काठावरून पाहण्याची आहेत.

धबधब्याखालच्या पांढऱ्या, फेसाळ पाण्यात उडी घेणे ही नवख्यांची आवडती चूक आहे, कारण फोटो तिथेच चांगला येतो. त्या पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते शरीराला नेहमीसारखे तरंगवत नाही आणि पृष्ठभागावरचा प्रवाह माणसाला पुन्हा धारेखाली ओढतो. चुकून अडकलात तर धारेविरुद्ध झगडू नये. बाजूला, काठाच्या दिशेने निघावे.

पाणी वाढण्याची खूण ओळखता येणे पोहता येण्याइतकेच महत्त्वाचे आहे. आपल्या डोक्यावर ऊन असताना घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस थोड्याच वेळात खाली पोहोचतो. पाणी एकाएकी लालसर झाले, पालापाचोळा वाहू लागला किंवा आवाज बदलला, तर सामान गोळा करत न बसता वर निघावे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते उडी मारायला नव्हे, प्रवाहात उभे राहायला गेले होते. कुंडलिका नदीत तर पाऊस नसतानाही पाणी वाढते, कारण मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून तिथे सोडले जाते. पावसाळ्यात प्रशासन अशा ठिकाणी बंदी आदेश काढते, तो आधी पाहून घ्यावा.

उडीआधी बाहेर यायची वाट ठरवावी. वर चढता येईल असा काठ आणि काठावर दोर घेऊन उभा असलेला एक न उतरणारा सोबती, या दोन्ही गोष्टी हव्यात. सैल लाइफ जॅकेट घालून उंचावरून उडी घेऊ नये. पाण्यात शिरताच ते वर उसळते आणि हनुवटीवर आदळते.

कोणी जखमी झाले तर सगळ्यांनी पाण्यात उड्या टाकू नयेत. दोर आधी फेकावा. मानेला किंवा पाठीला मार लागल्याची शंका असेल तर हाताला धरून ओढू नये; डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून, तोंड पाण्याबाहेर राहील असे तरंगवत काठाला आणावे. श्वास थांबला असेल तर मात्र त्याला लगेच बाहेर काढून तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे याला पहिला मान द्यावा. १०८ किंवा ११२ ला फोन लावण्यासाठी एकाला रेंज असलेल्या जागेपर्यंत पळवावे. देवकुंडाहून भिरा गाव पाच-सहा किलोमीटरच्या पायवाटेवर आहे, हे निघतानाच लक्षात असावे. आणि जो स्वतःच्या पायाने चालत घरी आला, पण ज्याच्या हातापायांना मुंग्या येत आहेत किंवा पाठीचे दुखणे दुसऱ्या दिवशीही कमी होत नाही, त्याने शेक आणि मलम बाजूला ठेवून त्याच दिवशी एक्स-रे काढावा.