दणक्यात सुरुवात झाली, टिकेल का? एनएचएल संघाचे पहिले वीस सामने तपासण्याची रीत

एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची लीग. गेल्या मोसमात प्लेऑफच्या (साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांच्या) आसपासही नसलेला आपला संघ नोव्हेंबरच्या मध्यावर गुणतक्त्यात वरच्या तिघांत दिसायला लागला, की चाहत्यांत दोन तट पडतात. एकाला स्टॅनली कप, म्हणजे विजेतेपदाचा करंडक, दिसायला लागतो. दुसरा म्हणतो, सगळं नशीब आहे, नाताळापर्यंत आपटतील. हा वाद आकडे नीट मांडले तर अर्ध्या तासात बराचसा मिटतो. त्यासाठी एवढंच धरून चालायचं: गुणांच्या मागे गोल असतात, गोलांच्या मागे संधी असतात, आणि टिकतात त्या संधी.

घाई मात्र नको. आठ-दहा सामन्यांवरून काहीही सिद्ध करता येतं. अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारपर्यंत थांबा. तोवर साधारण वीस ते पंचवीस सामने झालेले असतात, आणि त्या दिवशी प्लेऑफच्या जागेवर असलेल्या संघांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश संघ शेवटीही तिथेच राहतात, असा आजवरचा अनुभव आहे. म्हणजे प्लेऑफच्या जागेवरच्या सोळा संघांतले चारेक गळतात. आपला संघ त्या चारांत बसतो का, एवढाच प्रश्न उरतो.

आधी विजयांची फोड करा

समजा, वीस सामन्यांनंतर नोंद आहे १३-५-२. तेरा विजय, साठ मिनिटांतले पाच पराभव आणि जादा वेळेतले किंवा शूटआउटमधले (एकेका खेळाडूने एकट्या गोलकीपरसमोर जाऊन मारायचं) दोन. विजयाला २ गुण, जादा वेळेतल्या पराभवाला १, म्हणून एकूण २८ गुण. आता तक्त्यातला आरडब्ल्यू हा रकाना बघा. साठ मिनिटांत जिंकलेले सामने तेवढे त्यात मोजलेले असतात.

हे एवढं महत्त्वाचं का? ओव्हरटाइम, म्हणजे जादा वेळ, २०१५-१६ पासून तीन विरुद्ध तीन खेळला जातो, पाच मिनिटांचा; तरीही बरोबरी राहिली तर शूटआउट. मोकळ्या बर्फावर तीन जणांनी खेळणं हा जवळजवळ वेगळाच खेळ आहे, आणि पाच विरुद्ध पाचमधली, म्हणजे नेहमीच्या खेळातली, ताकद त्यातून फारशी कळत नाही. शिवाय प्लेऑफमध्ये हा प्रकार नसतो. तेरापैकी दहा विजय साठ मिनिटांतले असतील तर पाया भक्कम आहे. सहाच असतील तर सावध व्हा. बफेलो सेबर्सने २०१८-१९ मध्ये नोव्हेंबरात सलग दहा सामने जिंकले आणि संघ लीगमध्ये अव्वल झाला, पण त्यातले बहुतेक विजय एका गोलाच्या फरकाचे होते. मोसम संपला तेव्हा खात्यात ७६ गुण होते, आणि प्लेऑफ केव्हाच हुकलं होतं.

आरडब्ल्यूचा आणखी एक उपयोग. शेवटी गुण सारखे झाले तर आधी हाच आकडा बघतात. २०२४-२५ मध्ये पश्चिम विभागात सेंट लुईस आणि कॅल्गरी दोघेही ९६ गुणांवर थांबले. सेंट लुईस आत गेला, कॅल्गरी बाहेर राहिला.

गोलफरकाचा साधा हिशेब

गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) काढताना दोन्ही बाजूंचे रिकाम्या जाळ्यातले गोल वजा करा. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत पिछाडीवरचा संघ गोलकीपर बाहेर काढतो आणि ३-२ चा सामना कागदावर ५-२ होऊन बसतो. असे चार-पाच सामने झाले की गोलफरक उगाच फुगतो.

मग हे सूत्र वापरा. ८२ सामन्यांत, गोलफरक शून्य असलेल्या संघाला साधारण ९१ गुण मिळतात, आणि दर तीन गोलांमागे एक गुण वाढतो किंवा घटतो. वीस सामन्यांसाठी तेच २२ गुण अधिक गोलफरक भागिले तीन. आपल्या २८ गुणांच्या संघाचा गोलफरक अधिक १८ च्या आसपास असेल तर गुण आणि गोल जुळतात. अधिक ६ च असेल, तर त्याची योग्यता २४ गुणांची. वरचे चार गुण अटीतटीचे सामने आपल्या बाजूने पडल्यामुळे आलेले.

कोलोरॅडो ॲव्हलांच २०१३-१४ चं उदाहरण यासाठी उत्तम. प्रशिक्षक पॅट्रिक रॉयचं ते पहिलंच वर्ष, सुरुवात १२-१ अशी, आणि शेवटी ११२ गुण. पण मोसमभराचा गोलफरक फक्त अधिक ३० च्या आसपास होता, म्हणजे सूत्राप्रमाणे १०१ गुणांचा संघ. पुढच्या वर्षी ९० गुणांवर येऊन ते प्लेऑफला मुकले.

गोल कुठून आले?

इथे जास्त वेळ द्या, कारण फसवणूक इथेच होते. गोलफरक जुळला म्हणून निश्चिंत होऊ नका. गोलफरक स्वतःच फुगलेला असू शकतो.

नॅचरल स्टॅट ट्रिक ही साइट फुकट आहे. संघांचा तक्ता उघडा, पाच विरुद्ध पाच निवडा आणि चार आकडे लिहून घ्या: आपले शॉट, आपले गोल, आपल्यावरचे शॉट, आपल्यावरचे गोल. समजा ते असे आहेत: ४८० शॉटवर ५३ गोल, आणि समोरच्यांच्या ५२० शॉटवर ३७ गोल. नेमबाजीची टक्केवारी झाली ११. वाचवण्याची टक्केवारी ९२.९. दोन्हींची बेरीज १०३.९. हिलाच पीडीओ म्हणतात (साइटवर ती १.०३९ अशी दिसते). संपूर्ण लीगची बेरीज नेहमी १०० च येते, कारण एकाचा गोल म्हणजे दुसऱ्याच्या गोलकीपरचं अपयश. मोसमाच्या शेवटी बहुतेक संघ ९८ ते १०२ च्या दरम्यान येऊन थांबतात. १०३.९ वर सहसा कोणी राहत नाही.

आता हे गोल सरासरीवर आणून बघा. नेमबाजी ८.५ टक्के धरली तर ४८० शॉटवर ४१ गोल, म्हणजे बारा कमी. वाचवणं ९१.५ टक्के धरलं तर ५२० शॉटवर ४४ गोल, म्हणजे सात जास्त. एकूण १९ गोलांचा फरक. सगळे गोल धरून असलेला अधिक १८ चा गोलफरक उणे १ वर आला, आणि २८ गुणांचा संघ २२ गुणांचा ठरला. संघात खरोखरच पट्टीचे नेमबाज असतील तर ८.५ ऐवजी ९ ते ९.५ टक्के धरा, पण ११ धरू नका.

शॉटही आपले कमी आहेत, हे इथे सुटता कामा नये: एकूण हजारातले ४८०. हीच गोष्ट जास्त बारकाईने कॉर्सी सांगतो. त्यात अडवलेले आणि जाळ्याबाहेर गेलेले शॉटही मोजतात. त्याहून उपयोगी अपेक्षित गोल, म्हणजे एक्सजी. प्रत्येक शॉट कुठून, कोणत्या कोनातून, रिबाउंडवर की दुरून, हे पाहून त्याला किंमत दिलेली असते. दोन्ही संघांच्या मिळून एक्सजीपैकी आपला वाटा ५० टक्के म्हणजे मध्यम, ५२-५३ म्हणजे चांगला, ५५ म्हणजे उत्कृष्ट, ४८ च्या खाली म्हणजे काळजीचं कारण.

हे आकडे बघताना एक चूक हमखास होते. दोन गोलांनी पुढे असलेला संघ तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वीस मिनिटांच्या, पिरियडमध्ये मागे सरकतो आणि समोरचा मिळेल तिथून मारत सुटतो. त्यामुळे वारंवार आघाडी घेणाऱ्या संघाचा वाटा असतो त्याहून कमी दिसतो. साइटवर धावफलक आणि मैदान यांचा हिशेब करून दुरुस्त केलेले आकडे निवडण्याची सोय आहे, ती नेहमी वापरा. दुरुस्तीनंतरही वाटा ४७ वरच राहिला, तर 'आम्ही आघाडीवर असतो म्हणून' ही सबब चालत नाही. २०११-१२ चा मिनेसोटा वाइल्ड डिसेंबरात २०-७-३ अशा नोंदीसह लीगमध्ये पहिला होता, आणि शॉटच्या वाट्यात तळाजवळ. शेवट ८१ गुणांवर झाला.

याच्या उलट न्यू जर्सी डेव्हिल्स, २०२२-२३. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींपैकी अनेकांना तो मोसम आठवत असेल. पहिले दोन सामने हरल्यावर प्रशिक्षक लिंडी रफला काढा म्हणून घोषणा झाल्या. मग सलग तेरा विजय, आणि त्याच प्रेक्षकांनी घोषणा देऊनच त्यांची माफी मागितली. पण संधींचा वाटा पहिल्यापासून लीगमधल्या सर्वोत्तम संघांच्या बरोबरीचा होता. ते ११२ गुणांवर गेले. सुरुवातीचे पराभवच फसवे होते, घोडदौड खरी होती.

गोलकीपर आणि पॉवर प्ले

वीस सामन्यांत गोलकीपरवर साधारण ५८० शॉट येतात. एवढ्या शॉटवर निव्वळ योगायोगाने वाचवण्याची टक्केवारी .०१२ ने (म्हणजे १.२ टक्क्यांनी) इकडेतिकडे सहज होते. म्हणजे .९०५ चा गोलकीपर काहीही न बदलता .९१७ दिसू शकतो. तेव्हा .९३० दिसला तर त्याची मागची तीन वर्षं काढून बघा. तीन वर्षं .९०० च्या आसपास असलेला तिशीतला माणूस एका उन्हाळ्यात वेगळा होत नाही. आणि तो खरोखरच थोर असेल, तर पुढचा प्रश्न विचारा: तो जखमी झाला तर काय? मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने २०१५-१६ ची सुरुवात सलग नऊ विजयांनी केली. केरी प्राइस बारा सामने खेळून नोव्हेंबरात जखमी झाला आणि परतलाच नाही. संघ ८२ गुणांवर आटोपला.

पॉवर प्लेचं, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या खेळाचं, गणित तसंच. वीस सामन्यांत साठेक संधी मिळतात. लीगची सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बारा गोल. पंधरा किंवा नऊ झाले तरी तो योगायोगच असू शकतो. वीस झाले तर काहीतरी आहे, पण सगळं टिकणार नाही. विनिपेग जेट्सने २०२४-२५ मध्ये पहिले सोळापैकी पंधरा सामने जिंकले. लीगच्या इतिहासात इतकी चांगली सुरुवात कुणाचीच नव्हती. तेव्हाचा त्यांचा पॉवर प्ले कुणालाही वर्षभर झेपला नसता. मोसमाच्या शेवटी तो २९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावला, आणि तरीही लीगमध्ये पहिलाच राहिला. कॉनर हेलेबाइक गोलमध्ये होता, संघ ११६ गुणांवर गेला. उतरती कळा लागली म्हणजे संघ वाईट होतो असं नव्हे.

वेळापत्रकावर एक नजर टाका: घरचे सामने किती, सलग दोन रात्री खेळून थकलेले प्रतिस्पर्धी किती, आणि समोर दुय्यम गोलकीपर किती वेळा आला. पुढच्या वीस सामन्यांतलं चित्र उलटं असेल तर दोन-तीन गुण कमी धरा.

डोळ्यांनी काय बघायचं

आकड्यांत 'का' सापडत नाही. त्यासाठी एखादा पिरियड पक (चेंडूऐवजी असलेली रबरी चकती) सोडून फक्त आपल्या बचावपटूंकडे बघा. समोरच्यांनी पक आपल्या कोपऱ्यात टाकला, आपला बचावपटू तो उचलायला वळला. पकपर्यंत पोहोचण्याआधी त्यानं खांद्यावरून मागे पाहिलं का? जोडीदार जाळ्यामागे पर्याय म्हणून उभा आहे का, सेंटर (मधला आक्रमक) आपल्या गोलजवळ खाली आला का? पहिलाच पास सेंटरच्या काठीवर बसला आणि तिघं मिळून आपल्या भागाच्या टोकाची निळी रेष ओलांडून गेले, तर हे सरावातून बसवलेलं आहे, आणि ते फेब्रुवारीतही दिसेल. पक काचेवरून नुसताच भिरकावला आणि अर्ध्या मिनिटात तो परत आपल्याच कोपऱ्यात आला, तर सामना जिंकला तरी त्या रात्री गोलकीपरने वाचवलं असं समजा. कागदावर दोन रकाने करा, ताब्यात ठेवून बाहेर काढलेले आणि भिरकावलेले. तीन-चार सामन्यांत चित्र स्पष्ट होतं.

दुसरं, आक्रमकांची तिसरी आणि चौथी फळी (आळीपाळीने उतरणारे तिघांचे गट) बर्फावर असताना खेळ कोणत्या अर्ध्यात चालतो ते बघा. एकाच फळीच्या जोरावर चाललेला संघ एका दुखापतीने बसतो.

आणि मग, किती आशा धरायची?

नशिबाने आलेले गुण कुणी परत मागत नाही. 'इतकं नशीब मिळालं, आता तितकंच दुर्दैव येणार' हा समज चुकीचा आहे. पुढे फक्त नेहमीसारखं होईल. आपला संघ खरोखर मध्यम असला, तरी २८ गुण त्याच्या खात्यात जमा आहेत. उरलेल्या ६२ सामन्यांत मध्यम संघ सामन्यामागे १.१२ गुण मिळवतो, म्हणजे ६९. एकूण ९७. २०२४-२५ मध्ये पूर्वेकडे मॉन्ट्रियल ९१ गुणांवरच आत गेला होता. तेव्हा 'नशीबवान' आणि 'प्लेऑफला पात्र' या दोन्ही गोष्टी एकाच संघाबद्दल खऱ्या असू शकतात. (२०२६-२७ पासून मोसम ८४ सामन्यांचा आहे, त्या हिशेबात शेवटी दोन-तीन गुण वाढवून धरा.)

व्हँकूव्हर कॅनक्स २०२३-२४ चं असंच झालं. एडमंटनला ८-१ ने हरवून सुरुवात, पीडीओ गगनाला भिडलेला, आणि तो उतरल्यावरही १०९ गुण, कारण क्विन ह्यूजसारखा बचावपटू आणि थॅचर डेमकोसारखा गोलकीपर खरेच होते. त्याच्या पुढच्या मोसमात ९० गुण, आणि प्लेऑफ नाही. आशा या वर्षापुरती जरूर धरा. पण संघाने याच जोरावर पहिल्या फेरीचा ड्राफ्ट हक्क (नवोदित खेळाडू निवडण्याचा) देऊन तिशी ओलांडलेला खेळाडू आणला, तर चाहत्यांनी हरकत घ्यायला हवी.

चाळिसाव्या सामन्याला हाच हिशेब पुन्हा मांडा, पण पहिले वीस त्यात मिसळू नका. साइटवर तारखा निवडता येतात. २१ ते ४० एवढेच सामने घ्या. पीडीओ १०० च्या जवळ आला असेल आणि एक्सजीचा वाटा ५२ च्या वर असेल, तर संघ खराच चांगला आहे.