येऊरला टोई पोपट बघायचाय? मग असं करा

आपल्या सोसायटीच्या ग्रिलवर येऊन किंचाळतो तो कंठवाला पोपट, तो ठाण्यात कुठेही दिसतो, त्यासाठी पहाटेचा अलार्म लावायची गरज नाही. टोई मात्र झाडीतला पक्षी, त्याला बघायला येऊर गाठायचं, म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्कचीच ठाण्याकडची बाजू.

फेब्रुवारी-मार्च बेस्ट. पानं गळलेली असतात आणि काटेसावर, पळस, पांगारा फुललेले असतात, मग पोपट मधासाठी तिथेच येतात, तुम्ही जंगलभर फिरत बसू नका, एक फुललेली सावर पकडा आणि गप उभे रहा (रविवारी नको, डीजेवाले असतात).

आधी कान लावा. कंठवाला कर्कश ओरडतो, टोईचा आवाज गोड, "टुईं टुईं" असा, आणि तो बहुतेक उडतानाच ऐकू येतो. नराचं डोकं जांभळट-लाल, जांभूळ चोळल्यासारखं, मादीचं राखाडी, चोच पिवळसर आणि उडताना शेपटीचं पांढरं टोक चमकतं. खांद्यावर लाल डाग आणि भलीमोठी लाल चोच दिसली तर तो करण पोपट, तोही झकास.

ढोली दिसली तर लांबूनच बघा, हेच दिवस विणीचे असतात, मोबाईलवर आवाज वाजवून बोलवायचं तर अजिबात नाही. आणि कोणी पिल्लू विकायला आलं तर घेऊ नका, देशी पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, "आमच्या आजीकडे होता" हे चालत नाही.