जुन्या दुर्घटनेत गेलेल्या माणसाची नोंद कशी शोधावी

पुरात, बोट बुडून किंवा दरडीखाली गेलेल्या पूर्वजाची नोंद हवी म्हटलं की "ग्रामपंचायतीत जा, दाखला मिळेल" असं कुणीही सांगतं. हा सल्ला अलीकडच्या मृत्यूंपुरता ठीक आहे. नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा, लागू झाला १ एप्रिल १९७० पासून. त्याआधीच्या खेड्यातल्या नोंदींसाठी तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष गाठा आणि 'गाव नमुना १४', म्हणजेच कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंदवही) मागा. शहरातल्या नोंदी नगरपालिकेकडे.

आधी तारीख पक्की करा. घरात तारीख कुणी सांगत नाही, तिथी सांगतात. "गटारीला रामदास बुडाली" हे कोकणातल्या कितीतरी घरांत ऐकू येतं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट १७ जुलै १९४७ ला बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या वर्षी श्रावण अधिक होता. असा अधिक मास विसरलात तर शोध महिनाभर चुकतो. म्हणून त्याच वर्षाचं पंचांग काढा, अंदाजाने मोजू नका.

आता खरी अडचण. मृत्यूची नोंद माणूस राहायचा त्या गावात होत नाही. मृत्यू झाला किंवा प्रेत सापडलं, तिथे होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आजोबांचे धाकटे भाऊ पुरात वाहून गेले. मी आमच्या गावाचं कोतवाल बुक दोनदा पहिल्या पानापासून वाचलं, नाव नाही. नोंदच झाली नसेल, असं धरून वर्षभर शोध सोडून दिला. ते वर्ष फुकट गेलं याची अजून हळहळ वाटते. शेवटी नोंद सापडली नदीच्या खालच्या अंगाच्या तिसऱ्या गावात: अनोळखी इसम, पाण्यात बुडून मयत. नाव नव्हतंच. जुळलं ते लिंग, वय आणि तारखेवरून.

तेव्हा नकाशा घ्या आणि पाण्याबरोबर खाली चला. पानशेत धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं. त्या पुरात गेलेल्याचा शोध पुण्यातल्या मुठेच्या काठावर थांबवू नका, मुळा-मुठेच्या खालच्या गावांची बुकंही पाहा. नावाने शोधूच नका. दुर्घटनेच्या दिवसापासून निदान तीन आठवड्यांच्या सगळ्या नोंदी वाचा आणि मृत्यूच्या कारणाच्या रकान्यावर बोट ठेवून खाली या. मृत्यूची तारीख आणि नोंदीची तारीख वेगळी असते, तीही तपासा. आणि वय, लिंग, तारीख, ठिकाण यांतल्या तीन गोष्टी जुळल्याशिवाय "हाच आपला माणूस" असं म्हणू नका. दुसऱ्या घरचं दुःख आपल्या वंशावळीत चिकटवणं मला अक्षम्य वाटतं.

जुनी बुकं बहुधा मोडी लिपीत असतात. जाणकाराकडून वाचून घ्या, पण महिने, आकडे आणि 'मयत' हा शब्द स्वतः ओळखायला शिका. निम्मं काम तेवढ्यात होतं.

वर्तमानपत्रं शेवटी पाहा. दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी छापलेला मृतांचा आकडा खरा धरू नका.

नोंद मिळाली की गाव, वर्ष आणि पान क्रमांक टिपून सहीशिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज करा. बुक दाखवायलाच नकार मिळाला तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात "आमच्या आजोबांची माहिती द्यावी" असं मोघम लिहू नका. गाव, वर्ष आणि गाव नमुना १४ असं नेमकं लिहा.