बाजूच्या प्लॉटवर टॉवर येतोय? खड्डा खणायच्या आधी हे करा

ठाण्यात घोडबंदर रोडवर कावेसर, वाघबीळ, कासारवडवली साइडला राहणाऱ्यांसाठी लिहितेय, पण नवी मुंबईतल्या ऐरोली-नेरूळवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल. मोकळ्या प्लॉटला पत्रे लागले की सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता आरडाओरडा होतो, मग सगळे गप्प, आणि एक दिवस पोकलेन येऊन उभा. प्रोजेक्ट थांबवणं सहसा आपल्या हातात नसतं, त्याचा त्रास कमी करून घेणं मात्र असतं, फक्त ते खोदकामाआधी कागदावर यायला पाहिजे.

आधी बांधकाम क्षेत्र किती ते बघा. २०,००० चौ.मी. किंवा जास्त असेल तर केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी, म्हणजे ईसी लागते. परिवेश या केंद्र सरकारच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या पोर्टलवर प्रोजेक्टचं नाव टाकून शोधा, अर्ज आणि नकाशे तिथे मिळतात. जनसुनावणीची वाट बघत बसू नका, बिल्डिंग आणि टाउनशिपला ती लागतच नाही. म्हणून अर्ज पेंडिंग असतानाच लेखी हरकत पाठवा, फोटो आणि लोकेशनसकट. मंजुरी मिळून गेली आणि ती चुकीची वाटत असेल तर राष्ट्रीय हरित लवादात अपील करायला ३० दिवस असतात, आपल्यासाठी बेंच पुण्याला.

नकाशात सगळ्यात आधी नाला शोधा. येऊरच्या डोंगरावरून उतरणारे नाले घोडबंदर रोडखालून खाडीकडे जातात आणि लेआउटमध्ये बरोबर त्यांच्यावरच कुणाचा तरी पोडियम (टॉवरखालचा पार्किंगचा पसरट भाग) येतो. 'नाला वळवणार' असं लिहिलं असेल तर नवी रुंदी किती, उतार किती, भरतीच्या वेळी पाणी कुठे थांबणार, हे तिन्ही आकड्यात मागा. एक हिशोब डोक्यात ठेवा, एक एकरावर १०० मिमी पाऊस पडला की साधारण ४ लाख लिटर पाणी होतं. माती असताना त्यातलं बरंच मुरायचं, काँक्रीट झालं की जवळपास सगळं एकदम तुमच्या गेटसमोरच्या गटारात. म्हणून पावसाचं पाणी काही तास अडवून हळूहळू सोडणारी टाकी मागा. रिचार्ज पिट (पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा) सगळे दाखवतात, पण खाडीलगतच्या चिकट मातीत आणि वर आलेल्या भूजलात तो पिट पावसाळ्यात नुसता भरून राहतो, नवी मुंबईत तर हे विशेष बघा. तिथे साठवण टाकीच बरी.

झाडांसाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची नोटीस पेपरात आणि झाडावर लागते, हरकतीची मुदत थोडीच असते त्यामुळे दिसल्या दिवशी फोटो काढा. राज्याच्या वृक्ष कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा जास्त वयाचं झाड हेरिटेज धरतात, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवीन झाडं लावायची असतात. साहजिकच अर्जात वय कमी लिहिण्याचा मोह होतो (वड-पिंपळाचं बघाच), तेव्हा बुंध्याचा घेर टेप लावून स्वतः मोजा. तोडण्यापेक्षा रॅम्प चार मीटर सरकवा अशी मागणी जास्त चालते. दुसरीकडे नेऊन लावण्यावर माझा फारसा विश्वास नाही.

काम सुरू झालं की तीन जागी लक्ष ठेवा. धूळ: विंडब्रेकर (धूळ अडवणारा आडोसा) इमारतीच्या एक तृतीयांश उंचीचा, जास्तीत जास्त १० मीटर, असा २०१८ चा नियम आहे. बेसमेंटचं पाणी: पंपाचा पाइप थेट गटारात सोडलेला असेल आणि चेंबर उघडल्यावर तळाला लाल-करडा गाळ बसलेला दिसला तर मधली गाळ बसवायची टाकी गायब आहे हे नक्की, तारखेसकट व्हिडिओ घ्या, पावसाळ्यात हाच गाळ नाला तुंबवतो. डेब्रिज: रात्री डंपर खाडीकडे वळत असेल तर नंबर टिपा. कांदळवनात भराव म्हणजे थेट तक्रार, वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि पोलिस दोघांकडे, नुसतं महापालिकेवर सोडू नका.

ईसी मिळालेल्या प्रोजेक्टला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा रिपोर्ट द्यावा लागतो. हे बहुतेक कुणी वाचतच नाही. तो काढा, प्रिंट घ्या, आणि एका रविवारी तिघाचौघांनी मिळून त्यातली झाडं, पाण्याच्या टाक्या, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) साइटवर आहेत का ते बघा, जे नाही ते अटीचा नंबर टाकून लेखी कळवा आणि पोच घ्या.